तारेतली शेवटची ओळ

ब्राह्मण आळी, भिवंडी
६ डिसेंबर १९८७

चि. श्रीनाथ यास,
अनसूयाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लाल पेन्सिल घेऊन बसले, पण दुरुस्त करायला काही सापडलं नाही, कारण पत्रच मुळी साडेसहा ओळींचं होतं. पूर्वेकडच्या देशांतून गुळगुळीत, चकाकणारं कापड दार-एस-सलामला झटपट येतं, आपल्या भिवंडीच्या मालाला दोन-दोन महिने लागतात, म्हणून या ईदेचा माल इथला शेवटचा. खपला तर ठीक, नाहीतर भिवंडी बंद. वाचलं. धंदा तुला कळतो, मी जन्मभर मराठी शिकवणारी मास्तरीण. पण अण्णा चौतीस साली बोटीत बसले ते भिवंडीच्या मागावरचं कापड घेऊन, आणि तेव्हापासून आपल्या दुकानात दुसरीकडचा एक खांगा टांगला गेलेला नाही, हे मलाही कळतं.

शेजारच्या ठकुबाईंना अजून खरं वाटत नाही, की तिकडे आफ्रिकेत बायका कमरेला एक आणि खांद्यावर एक असा छापील कापडाचा खांगा घेतात आणि त्याच्या काठाशी वाचायला एक म्हण असते. नवऱ्याला टोमणा मारायचा तरी तोंड न उघडता, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच स्वतःसाठी एक मागितला.

आणखी एक. पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' नाही. राहिलं की गाळलंस? अण्णा आईवर रागावून लिहायचे तेव्हासुद्धा ते असायचं. मी कागद तीनदा उलटून पाहिला.

नमुना पाठव. तुझं मेतकूट नेहमीप्रमाणे गासडीत घालीन.

रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.
ताई

दार-एस-सलाम
४ जानेवारी १९८८

ती. ताईस,
श्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

सोबत नमुना आहे. काजूची नक्षी, लाल-काळा-पांढरा. दोन हजार जोड्या हव्यात. कापड कितीही चांगलं असलं तरी म्हण पसंत पडली नाही तर खांगा पडून राहतो, म्हणून या वेळी गिऱ्हाईक बायकांना विचारूनच म्हण ठरवीन आणि तारेने कळवीन. माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे हवा.

मेतकूट या खेपेला डब्यात घाल. गेल्या वेळी चाळीस खांग्यांना त्याचा वास लागला होता. ते इथल्या मराठी मंडळातल्या आपल्या बायकांनीच घेतले, म्हणून अब्रू वाचली.

विद्युल्लता तू पाठवलेली उजळणी रोज लिहिते. र्‍हस्व-दीर्घावरून बापाशी भांडते, म्हणजे तुझ्यावर गेली.

कळावे.
श्रीनाथ

वज्रेश्वरी
२ फेब्रुवारी १९८८

चि. श्रीनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्ता पाहून घाबरू नकोस. गुडघे धरले आहेत, म्हणून पंधरा दिवस इथल्या गरम कुंडांवर आले आहे. पाण्यात बसलं की बरं वाटतं, बाहेर आलं की पुन्हा तेच.

कापड मागावरून उतरलं आहे. तार आली की ठकुबाई ती न उघडता छपाईवाल्या केसरीनाथकडे नेऊन देतील. मी त्याला बजावून आले आहे, की तुझं नाव सोडून तारेतली जी शेवटची ओळ असेल ती अक्षर न् अक्षर छापायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. माल लगेच बोटीवर चढवायचा, म्हणून गासड्याही तोच बांधील; मेतकुटाचा डबा त्याच्याकडे देऊन आले आहे. आठवतं ना, मागे त्याने झेड पाहिला, बिचारा एन आडवा पडलाय असं वाटून त्याला उभा केला होता! छापण्याआधी मी पाहिलं म्हणून बरं. मला तुमची स्वाहिली कळत नाही, पण सहा वर्षांत माझ्या नजरेखालून एक अक्षर चुकीचं गेलेलं नाही.

तुझं मागचं पत्रही 'कळावे'वरच संपलं. कळलं.

ताईचे आशीर्वाद

दार-एस-सलाम
११ एप्रिल १९८८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गासड्या फोडल्या. कापड सुरेख, रंग पक्के, मेतकूट डब्यात. आणि खाली, म्हणीच्या जागी, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत काय छापलंय माहीत आहे? 'लोभ असावा'! एका खांग्यावर नाही, दोन हजारच्या दोन हजार जोड्यांवर.

मी तारेत म्हण दिली होती 'वेमा हाउओझी', म्हणजे चांगुलपणा कुजत नाही. पाच बायकांना विचारून ठरवली होती. तिच्यापुढे त्याच ओळीत दोन शब्द लिहिले ते तुझ्यासाठी; तुझं वज्रेश्वरीचं पत्र तेव्हा पोचलं नव्हतं. तू कागद तीनदा उलटून पाहिलास हे मनाला लागलं होतं. पत्रात लिहायचं तर आधी चूक कबूल करावी लागली असती. तारेत नुसते दोन शब्द जातात, म्हणून तारेत घातले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

समोरच्या दुकानात चकाकणारा माल आला आहे आणि बायकांची रीघ लागली आहे. ईदेला महिना उरला. ताई, दोष कुणाचाही असो, भिवंडीचा धंदा आता संपला असं समज. तुझ्यावर राग नाही. वाईट मात्र फार वाटतं.

लोभ असावा. या वेळी पत्रातच लिहितो.
श्रीनाथ

भिवंडी
२८ एप्रिल १९८८

चि. श्रीनाथ यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून तशीच केसरीनाथकडे गेले. त्याने जपून ठेवलेली तार काढून दाखवली. पट्टीवर म्हण वरच्या ओळीत गेली आहे आणि खाली नुसतं 'लोभ असावा', त्याखाली तुझं नाव. मी म्हटलं, अरे, तू मराठी माणूस, वाचून कळलं नाही तुला? तर म्हणतो, कळला ना बाई, पन धंद्यात लोभ असावा अशी आफ्रिकेची म्हण असंल असा वाटला, आन तुमीच बोलला व्हता डोका चालवायचा न्हाय.  चूक त्याची नाही, माझ्या नियमाची आहे.

अण्णांचा चौपन्न वर्षांचा धंदा माझ्या हातून बुडाला. तू खुशाल दुसरीकडचा माल घे, मी शब्दाने बोलणार नाही. ती तार मात्र मी मागून घेतली आहे. माझ्या नावाची होती आणि मलाच सगळ्यात शेवटी मिळाली.

आता आशीर्वाद द्यायलाही संकोच वाटतो, पण देते.
ताई

दार-एस-सलाम
२२ मे १९८८

ती. आत्यास,
विद्युल्लताचा सा. न. वी. वी.

बाबा दुकानातून उठतच नाहीत म्हणून मी लिहिते. आत्या, सगळे खांगे संपले! ईदेच्या चार दिवस आधीच!

पहिल्यांदा कोणी घेत नव्हतं. मग आपल्या जुन्या गिऱ्हाईक बिबी झुबेदा आल्या आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. बाबा लाजले, छपाईची चूक आहे, स्वस्तात देतो म्हणाले. मी मध्येच सांगितलं, चूक नाही, आमच्याकडे प्रत्येक पत्राच्या शेवटी असं लिहितात, 'उपेंडो उदुमु', म्हणजे प्रेम टिकू दे. बिबी ती अक्षरं खुप वेळ बोटाने गिरवत राहिल्या. त्यांची बहीण झांझिबारला असते, नऊ वर्षं दोघी बोलत नव्हत्या. त्यांनी दोन जोड्या घेतल्या, एक स्वतःला, एक बहिणीला पाठवायला. पुढच्या आठवड्यात बहीणच तो खांगा नेसून बोटीने आली! दोघी दुकानात आल्या आणि सारखाच खांगा नेसून रडत होत्या. ते सगळ्या बाजाराने पाहिलं. मग काय, सासूला, जावेला, मैत्रिणीला द्यायला ज्यांचं ज्यांचं भांडण होतं ते सगळे आले.

समोरच्या दुकानाने घाईघाईने नक्कल छापून आणली. त्यावर 'लोब असावा' आहे, एच खाल्लाय. बायका दुकानात कापड उलगडून आधी एच शोधतात, नसला तर परत करतात. भिवंडीच्या मालाला इथे आता 'एचवाला माल' म्हणतात.

बाबांना सहा हजार जोड्या हव्यात. चकाकणारं कापड आपल्या दुकानात कधीच येणार नाही असं त्यांनी आजोबांच्या फोटोपुढे सांगितलं. तुझ्यासाठी शेवटची जोडी मी लपवून ठेवली होती, ती पाठवते.

लोभ असावा (एचसकट).
विद्युल्लता

भिवंडी
८ जून १९८८

चि. श्रीनाथ आणि चि. विद्युल्लता यांस,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि जोडी एकाच दिवशी मिळाली. विद्युल्लते, 'वि. वि.' र्‍हस्व आणि 'खूप' दीर्घ, पण या पत्राला मी लाल पेन्सिल लावलेली नाही. ते सगळ्या आळीला वाचून दाखवलं. ठकुबाईंनी जोडीतला एक खांगा पळवला आहे आणि तो नेसून सुनेपुढे फिरताहेत. मागवाल्यांनी सहा हजारांचं ऐकलं आणि माझ्या दारात पेढे आणून ठेवले. केसरीनाथ तर सांगत सुटला आहे, की म्हण त्यानेच शोधली. सांगू दे. मी त्याच्या छपाईखान्यात भिंतीवर मोठा एच लिहून आले आहे.

श्रीनाथ, आज मी उंबरठ्यात उभी राहून मोठ्याने हसले, आणि मग रडले. अण्णा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. भिवंडी बंद होणार नाही. हे वाक्य मला पुन्हा लिहावंसं वाटतं. भिवंडी बंद होणार नाही.

तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की मोठ्यांनी पत्राच्या शेवटी आशीर्वाद द्यायचा, लोभ मागायचा तो धाकट्यांनी. मला कधी मागावा लागला नाही, आणि मागायला हवा होता तेव्हा मी नुसती रागावून बसले. आज नियम मोडते.

लोभ असावा.
ताई

ता. क. केसरीनाथ आता माझी पत्रंही मागून वाचतो, म्हणून लिहून ठेवते. या पत्रातली शेवटची ओळ छापायची नाही. ती श्रीनाथची आहे.