सिंहाच्या जागी

पिंपळी, ता. बारामती
दि. २० जानेवारी १९९६

चि. करुणास आजोबांचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझी कावीळ उतरली का? डोळे पांढरे झाले का ते आरशात बघून कळव. वसतिगृहातली भजी खाऊ नकोस. इकडे मी, आजी आणि शेळी ठीक. माझी छाती धडधडते, पण ती तुझ्या कॅमेऱ्यामुळे.

तू आजारी, म्हणून तुझ्या कॉलेजच्या कामासाठी माझ्या आजोळच्या बारवेचे फोटो मी काढायचे ठरले. कमानी, कोनाडे, पायऱ्या आणि तळाशी दगडात कोरलेला सिंह. सिंहाला जास्त मार्क आहेत असे तू लिहिलेस, तेव्हापासून मला झोप नाही. उन्हाने रोल जळेल म्हणून कॅमेरा आजीच्या लुगड्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला. आजी म्हणाली, "मला लगीन करून आणलं तवा बी एवढं जपलं न्हवतं."

बारवेवर मानसिंग भेटला. लहानपणी आम्ही दोघे गुरे राखायचो. त्याने गावभर फोटोवाला आल्याचे सांगितले. मी कमानीवर कॅमेरा धरला की कमानीत कोणीतरी उभे. मानसिंगची बायको दगडाबाई तर नातवाला टोपडे घालून कोनाड्यातच बसली. मी म्हणालो, "वैनी, नुसत्या दगडाचा फोटो पायजे." ती म्हणाली, "मंग मी कोन हाय? काढा."

तेव्हा कमानीत माणसे आहेत. नको म्हणालो असतो तर चहा मिळाला नसता.

सिंहाचा फोटो मी वरूनच काढू लागलो. मानसिंग म्हणाला, "हितनं त्यो मांजरावानी दिसंल. खाली उतर की." मी म्हणालो, गुडघे दुखतात. मग म्हणालो, चष्मा पडेल. मग म्हणालो, एसटी चुकेल.

तुला खरे लिहितो. गुडघ्यांना काही झालेले नाही. लहानपणी त्या बारवेत आपल्या माणसांनी उतरायचे नव्हते. आई घागर घेऊन वर बसायची. कोणी ओतेल तेव्हा पाणी. आता तसे नाही, हे मला कळते. बँकेत गेलो की मी खुर्चीवर बसतो. पण पहिल्या पायरीवर पाय ठेवला की कोणी ओरडेल असे वाटून तो मागे येत होता.

मानसिंगला ते कळले असावे. तो चपला काढून पुढे उतरला आणि म्हणाला, "चल गंगारामा. वरडणारी समदी मेली. ऱ्हायलो आपुन दोघं."

गेलो. भिंत धरून गेलो. खाली गार होते. सिंहाला हात लावला; त्याला मिशा आहेत. ओंजळीने पाणी प्यालो. उकळलेले नव्हते. तू मात्र उकळूनच पी.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो सिंहाचाच काढायचा होता. पण मानसिंगने हात पुढे केला आणि मी कॅमेरा देऊन टाकला.

त्यामुळे सिंहाची फक्त शेपटी दिसेल. बाकी मी आहे. मास्तर मार्क कापतील, तूही रागाव, ते बरोबरच आहे. पण त्या फोटोतून मला कापू नकोस. एक प्रत आजीला पाठव.

तुझा,
बारवेच्या तळाशी बसलेला,
गंगाराम आजोबा