मालकाचं आडनाव

दक्षिण कॅरोलिना, ऑक्टोबर १८७६

तेनाताई,

युद्ध संपलं, आपण गुलामीतून सुटलो, तेव्हा सगळ्यांनी नवी आडनावं घेतली. मी मात्र मालकाचंच ट्रॅपनेल ठेवलं. तुला टेक्सासला विकलं तेव्हा तुला तेवढंच ठाऊक होतं ना! मी निवडून आलो तेव्हा आपलेच लोक टोमणे मारायचे, "आमदार झालास, तरी गळ्यातला पट्टा सुटेना!" मी हसायचो. म्हटलं, पेपरात नाव छापून येऊ दे, कुणीतरी ताईला वाचून दाखवेल.

चर्चच्या वर्तमानपत्रात दहा वर्षं तुझ्या शोधाची जाहिरात छापली. परवा तुझं उत्तर आलं : "मतदानाच्या आठवड्यात येते. स्टेशनवर ट्रॅपनेलचं घर विचारीन."

ताई, तेवढं विचारू नकोस गं! आपल्या लोकांना मत देऊ द्यायचं नाही म्हणून जॉर्जियातून आलेले लाल सदऱ्यातले बंदूकवाले गोरेही तेच विचारत फिरतायत. त्यांना माझं नाव पाठ आहे, चेहरा माहीत नाही. सोमवारी त्यांनी शेजारच्या आमदाराला अंगणातच गोळ्या घातल्या. माझी बायको डॉर्कस म्हणते, "नाव बदला अन् कॅन्ससला चला. आमदारकी गेली खड्ड्यात!"

हे पत्र टाकायचं धाडस नाही. पोस्टातला कारकून त्यांचाच आहे, आमची पत्रं फोडतो.

म्हणून मतदानाच्या आठवड्यात रोज गाडीला जाणार आहे. फलाटावर तेही उभे असतात. बावीस वर्षांनी तुझा चेहरा मला ओळखू येणार नाही, माझा तुला. त्यामुळे बायका उतरू लागल्या, की मी मोठ्यानं माझं नाव पुकारणार.

तुझा धाकटा,
इसॉम ट्रॅपनेल