थांब्यावरची खुर्ची

ती. ताई,

त्या सकाळी भांडी घासून झाली होती, पायपुसणी झटकून कठड्यावर टाकली होती, चहा नेहमीसारखा दोन कप झाला होता (दुसराही मीच पिते, गार झाल्यावर), तेवढ्यात एका ट्रकने मागे येता येता आपल्या कोपऱ्यावरचा बसथांब्याचा खांब आडवा केला. या गडबडीत नमस्कार लिहायचा राहिला, तो घ्यावा. गुडघा कसा आहे?

तेव्हापासून बस थांबेना. चालक म्हणतो, पाटी नाही तिथे थांबता येत नाही. पुढचा थांबा किलोमीटरभर लांब. तुमच्या गुडघ्याला ते झेपायचं नाही, आणि हे गेल्यापासून तुम्ही एकदाही आला नाहीत. म्हणून कंबर कसून निघाले.

नगरपालिकेतले साहेब म्हणाले, "मावशी, खांब आमचा, पण बस राज्याची. त्यांनी मागितल्याशिवाय उभा कसा करू?" राज्याच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "बस आमची हो, पण रस्ता केंद्राचा. खड्डा खणायचा तर त्यांना विचारा." केंद्राच्या कचेरीत एकच गृहस्थ, फार सभ्य. त्यांनी मला पाणी दिलं, नकाशा उलगडला आणि दाखवलं की रस्ता त्यांचा असला तरी कडेची हातभर माती नगरपालिकेची. घरी येऊन मी वाचनालयातून तिघांचेही नियम आणून वाचले (झोप छान लागते). तिघंही खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत.

शेवटी गटारात पडलेली पाटी काढून धुतली, ह्यांच्या लाकडी खुर्चीच्या पाठीला बांधली आणि खुर्ची कोपऱ्यावर नेऊन ठेवली. नऊची बस थांबली. आता लोक खुर्चीमागे रांग लावतात. तिच्यावर बसत मात्र कुणी नाही.

आठवड्याच्या आत खुर्चीवर तीन कचेऱ्यांच्या तीन नोटिसा चिकटल्या. खांब उभा करणं कुणाचंच काम नव्हतं, खुर्ची हटवणं मात्र तिघांचंही निघालं.

तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता.क. एवढं लांबण लावलं, पण म्हणायचं इतकंच होतं की या. नऊच्या बसने या, चार दिवस राहा.

आणखी एक. तिन्ही नोटिसांत 'बेवारस खुर्ची' असं लिहिलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तिच्यावर बसले.