न लावलेला कापूस

प्रिय भाविका,

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. नेटवर्किंगच्या कोर्सची फी चौसष्ट हजार, पास झाल्यावर पगार अठरा हजार, म्हणून चार महिन्यांत फी वसूल. खाली दोन रेघा मारल्यास. लहानपणी गणिताचं उत्तर जुळलं की अशाच मारायचीस. सोमवारी नाना फी भरायला पाचोऱ्याला निघणार, हेही कळलं. फोनवर बोलले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि नाना शेजारी बसून ऐकतात. म्हणून हे पत्र. सुनंदामावशी उद्या धुळ्याहून भडगावला परततेय, तिच्या हाती देते.

तुझ्या हिशोबात एक ओळ राहिली आहे. नाना केळीचा खर्च कसा मांडतात, आठवतं? रोपं, ठिबक, खत, मजुरी, आणि सगळ्यांत शेवटी न लावलेला कापूस. त्या वावरात केळी नसती तर कापूस आला असता, तो गेला. मग तो खर्चच. हिलालकाका खो खो हसायचे. म्हणायचे, "हेमराज, जो कापूस पेरलाच नही, त्याले येचाले बी बाया लाव!" नाना हसायचे नाहीत. ती ओळ खोडायचेही नाहीत.

तुझा कापूस म्हणजे जिनिंगच्या ऑफिसातली नोकरी. कापसाच्या गाड्यांची आवक कॉम्प्युटरवर नोंदवायची, महिना नऊ हजार. क्लास वर्षभर आणि दिवसभराचा, म्हणून तू तिला नाही म्हणणार आहेस. वर्षाचे एक लाख आठ हजार फीत मिळव. एक लाख बहात्तर हजार झाले. आणि पुढच्या पगारातले नऊ हजार तुला तसेही मिळालेच असते; वरचे उरतील तेवढेच सर्टिफिकेटची कमाई. अठरा हजार मिळाले तरी पैसे फिटायला एकोणीस महिने लागतात, चार नाही.

मीही तोच कोर्स केला, तो वाईट होता असं म्हणणार नाही. वायर कापण्यापासून सर्व्हर बंद पडला तर घाबरायचं कसं नाही इथपर्यंत तिथेच शिकले. सर शिकवायचे मन लावून. नोकरीसाठी धुळ्याला आले तेव्हा खोलीत आम्ही तिघी होतो, खिडकी एक, आणि उन्हाळ्यात पंखा गरम वारा फेकायचा. घरी फोन केला की आई विचारायची, जेवलीस का; आणि नाना मागून विचारायचे, "साहेब बरा शे ना?" मी म्हणायचे, सगळं बरं आहे. तेव्हा घरी पैसे का पाठवत नाही, असं कुणी विचारलं नाही. नानांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की पोर बँकेत साठवतेय.

पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवरची क्लासची ती पाटी तू शाळेत असताना पाहिलीस. माझा फोटो, खाली नाव, त्याखाली 'पगार १८,०००'. नाना बाजाराला गेले की वाट वाकडी करून तिथे जायचे. एकदा मी सोबत होते. त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने माझ्या फोटोवरची धूळ पुसली. हिलालकाका मागून म्हणाले, "पोर पाटीवर चढनी, आते आमले वळखशी का?" त्या दिवशी मात्र नाना हसले. मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले, ती बराच वेळ.

भाविका, तुझ्या वहीतले अठरा हजार त्या पाटीवरून आलेत आणि पाटीवरचा आकडा खोटा आहे. मला पहिला पगार अकरा हजार मिळाला. फीचा शेवटचा सहा हजारांचा हप्ता राहिला होता, नानांकडे मागायची हिंमत नव्हती. सर म्हणाले, फोटो दे, हप्ता माफ; आकडा आम्ही टाकतो. मी फोटो दिला. आज मला चोवीस हजार मिळतात, पण त्याला सात वर्षं लागली. गेल्या महिन्यात आमच्याकडे पुनम नावाची मुलगी तेच सर्टिफिकेट घेऊन आली. तिलाही अकराच दिले. अकरा धरलेस तर वरचे उरतात दोन हजार, आणि तुझे एक लाख बहात्तर हजार फिटायला सात वर्षं. मी परवा सरांना फोन करून पाटी उतरवायला सांगितलं. ते म्हणाले, ताई, तुमच्या फोटोवर अजून पोरं येतात. त्या पोरांत तू असशील, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. जिनिंगची नोकरी धर. सर्टिफिकेटची परीक्षा क्लासशिवायही देता येते, तिची फी मी भरते आणि दर रविवारी येऊन शिकवते. तरीही तुला क्लासच हवा असेल तर खुशाल कर, पण खऱ्या आकड्यावर कर. पत्र वाचून झालं की नानांच्या हातात दे. मला तोंडाने सांगता आलं नसतं. ते उठून बागेत जातील. मागे जाऊ नकोस. परत आले की वहीचं नवं पान त्यांच्यापुढे ठेव, आणि न लावलेला कापूस त्यांनाच लिहू दे.

पाटीवरची नव्हे, तुझीच,
भूमिकाअक्का