करणारा कोण, ते विचारू नये

प्रिय आई,

तुझा हात चुंबून कपाळाला लावते. बाबांचा खोकला कसा आहे? माझी काळजी करू नकोस. बर्फ खिडकीपर्यंत आलाय, पण मी उठायच्या आत शेगडीत गोवऱ्या पेटलेल्या असतात.

मला वाटलं, घरमालकीण गुलस्यूम आजीच पेटवते. तिचे आभार मानले, तर म्हणाली, "माझे गुडघे वाकतात का पोरी? पेटवली जाते."

"पण कोणाकडून?"

"ऊब मिळते ना? मग गप बस."

परवा शाळेत तुर्की भाषेतला कर्मणी प्रयोग शिकवला. क्रियापदाच्या मुळाला 'इल' जोडलं, की करणारा वाक्यातून नाहीसा होतो. मुलांना ते आधीच येत होतं, कारण इथे सगळे तसंच बोलतात. दार उघडलं गेलं. दूध प्यायलं गेलं. मी मात्र हट्टाने एकेकाला विचारत सुटले, "कोणी? करणारा सांगा!"

 शेवटी पुढच्या बाकावरची दुर्दाने पुटपुटली, "बाई, असं विचारलं की ते सांगायला येतात."

मी हसले. पोरंच ती!

काल संध्याकाळी दार वाजलं. आजी जागची हलली नाही. मी उघडलं, तर बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. उंबऱ्याशी माझे बूट मात्र निघालेल्या पाहुण्याचे ठेवतात तसे, टोकं बाहेर करून ठेवलेले होते.

मी ठीक आहे. आपल्या धाकट्या तुलाईच्या डोळ्यांचा पापा घे.

रस्ता बंद आहे, टपालवाला येत नाही. तरी हे पत्र तुझ्या दारात ठेवलं जाईल. कोणी ठेवलं, असं मोठ्याने विचारू नकोस, आई.

तुझी,
नेव्हिन