रानपुदिन्याचा लेप

३ मार्च, सकाळी ७.१०
रिटायर होऊन तीन दिवस. आजपासून शिस्त. कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून एकतीस वर्षं झाडं दाबली, वाळवली, शीटवर चिकटवली, खाली लेबलं लिहिली. प्रोफेसर आले नि गेले. झाड ओळखायची वेळ आली की हाक मलाच. हे ज्ञान वाया घालवणं म्हणजे गुन्हा आहे. संकल्प: रानटी औषधी वनस्पतींवर पुस्तक. रोज चार पानं. पहिलं प्रकरण रानपुदिना. पाण्याच्या टाकीमागे, उकिरड्याच्या कडेला रग्गड उगवलाय. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, फुलं जांभळट. ओळखायला चुकणार तो मी नव्हे.

ताईला सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, बरं झालं, त्या निमित्ताने घराबाहेर तरी पडशील.

संध्याकाळी ६
लिहून झालेली पानं: शून्य. आधी संशोधन, मग लेखन.

६ मार्च
काढा स्वतःवर करून पाहिला. पोटदुखीवर रामबाण म्हणतात. माझं पोट दुखत नव्हतं, त्यामुळे निष्कर्ष काढणं अवघड. दुपारपर्यंत पाच वेळा जावं लागलं. शरीर शुद्ध होतंय. चारच्या सुमारास पोट खरंच दुखायला लागलं. आता प्रयोगाला योग्य परिस्थिती होती, पण पुन्हा काढा घ्यायची हिंमत झाली नाही.

१० मार्च
सुकलेली पानं कपड्यांत ठेवली की कसर लागत नाही. ताईकडे शिवायला आलेल्या कपड्यांत मूठ मूठ भरली. एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. म्हणे खिशात गवत निघालं आणि वास जात नाही. ताईने तो फुकट धुऊन, इस्त्री करून दिला. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

१४ मार्च
ताईच्या उजव्या पायाला करंगळीशेजारी नव्या चपलेचा फोड आला होता. तो फुटला. मशीनचं पायडल त्याच पायाने मारते, त्यामुळे चिघळलंय. खालच्या मजल्यावरची नर्सबाई जिन्यात भेटली. म्हणाली, ताईंना शुगर आहे, थांबू नका, आजच दवाखान्यात न्या. स्वतः बारा महिने शिंकत असते. आधी आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघावं माणसाने.

मी ताईला सांगितलं, दवाखान्यात अख्खा दिवस मोडतो, चार दिवस माझ्यावर सोड. रानपुदिन्याच्या शीटवरची ओळ मला लख्ख आठवते: 'जखमेवर ठेचलेल्या पाल्याचा लेप.' कॉलेजच्या रेकॉर्डला आहे, म्हणजे ऐकीव गप्पा नव्हेत. ताई म्हणाली, तुझं पुस्तक पुढे सरकणार असेल तर बांध बाबा.

१७ मार्च
तीन दिवसांत सहा लेप. पट्ट्या ताईच्याच कापणीतल्या चिंध्यांच्या. दुखतं का विचारलं. म्हणाली, अजिबात नाही, काल खाली पडलेली टाचणी पायात घुसली तीही कळली नाही. वेदनाशामक गुण सिद्ध! पुस्तकात जाड अक्षरात घालायचं.

पानं: दीड. पैकी एक अर्पणपत्रिका. ताईलाच.

२० मार्च
जखमेच्या कडा काळ्या पडल्यात. मेलेली कातडी सुटतेय, खूण चांगली आहे. थोडा वास येतो. पाला दुप्पट केला. नर्सबाई जिना चढताना दिसली म्हणून मी वरच थांबलो. या लोकांना सगळं आजच्या आज हवं. पी हळद नि हो गोरी असं कुठे होतं का?

ताई मशीनवर बसल्या बसल्या डुलक्या घेते. वय झालं आता.

२३ मार्च
पुस्तकात फोटो हवा म्हणून कॉलेजात गेलो. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला अजून माहीत आहे. शीट काढली. लेबल आहे. ओळही आहे. अक्षर माझं आहे.

मग आठवलं. तपासणीचं वर्ष. कमिटी सकाळी येणार आणि दोनशे सोळा शीटवर 'उपयोग' हा रकाना कोरा. सर म्हणाले होते, काहीही कर, पण कोरा दिसता कामा नये. मी एका बैठकीत सगळे भरले. ताप, खोकला, पोटदुखी, जखम. परत ताप, खोकला, पोटदुखी, जखम. रानपुदिन्याची पाळी जखमेवर आली.

तसं बघितलं तर दोनशे सोळांतले काही बरोबर असणारच. आणि परंपरा म्हणजे तरी काय, कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा सांगितलेलंच असतं ना? बस सोडून दिली, चालत आलो. ताईला सांगायचं ठरवलं होतं. ती पाय पुढे करून बसली होती, म्हणून आधी लेप बांधला. मग सांगायचं राहिलं.

२५ मार्च
ताईला हुडहुडी भरली. अंग तव्यासारखं तापलंय. मशीन बंद. तापावर कोणता पाला ते मी आठवत होतो, तेवढ्यात नर्सबाई न विचारता घरात शिरली. पट्टी सोडली. घोट्याच्या वर लाल रेघ चढत गेली होती. सरळ गाडी बोलावली.

२७ मार्च
पाय गुडघ्याखालून काढला. उजवा. सही मी केली.

३१ मार्च
डॉक्टर तपासायला आले. ताई उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, इतके दिवस घरी काय करत होतात? आठ-दहा दिवस आधी आला असतात तर एका बोटावर भागलं असतं. ताई म्हणाली, चूक माझीच. पाला मीच बांधायचे. भाऊ बिचारा रोज मागे लागायचा, दवाखान्यात चल म्हणून. मीच हट्टी.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

मग ते तिलाच रागावले. असा काळजी करणारा भाऊ सगळ्यांना मिळत नाही, यापुढे तरी त्यांचं ऐकत जा, म्हणाले. ताई हो म्हणाली. ते गेल्यावर तिने मला विचारलं, हाताने फिरवायचं मशीन अजून मिळतं का रे? मी म्हटलं, बघतो.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. एकदा तरी, चिडून का होईना, तिला चल म्हटलं असेन. चौदा तारीख दोनदा वाचली. कुठेच नाही.