पुरळाची शेड

३ तारीख, सोमवार.
चिमणीला ताप. अंग नुसतं भाजतंय. हिने तडक साडूंना फोन लावला. मी समोरच उभा. म्हटलं, घरात बाप आहे. ही म्हणाली, आहे ना, म्हणूनच तर लावला.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. गोळ्यांच्या पट्ट्या कापून देतात. तेवढ्यावर अख्खं सासर त्यांना डॉक्टर म्हणतं. मी रंगाच्या दुकानात शेड मिसळतो, मला अजून कोणी चित्रकार म्हटलेलं नाही. त्याचं काही नाही. आपली नोंद.

संकल्प : चिमणीला काय झालंय ते साडूंच्या आधी मी ओळखणार.

४ तारीख, मंगळवार.
घाम आला की ताप उतरतो. म्हणून चिमणीला स्वेटर, टोपी, वर रजई. ताप चढला. साडू आले. आधी सगळं उतरवलं, सुती झबलं घातलं, वजन विचारून औषध मोजलं, म्हणाले, घोट घोट पाणी पाजत राहा. पाणी पाजा! एवढं सांगायला माणूस स्कूटरवरून आला. वजन मला साधारण माहीत होतं. हिला नेमकं माहीत होतं.

मी दिलेलं औषध माझ्या शर्टावर. काकांनी दिलेलं पोटात. औषधाच्या पिचकारीचा दट्ट्या ते तिला स्वतःला दाबू देतात. याला लाच म्हणतात. दुपारी चिमणी झोपेत 'काका' म्हणाली. खोकली असावी.

मी कांजिण्यांची शंका काढली होती. जाताना चिठ्ठीवर लिहून गेले, 'कांजिन्या नाहीत.' ण हवा. माझी शाळा नववीत सुटली, पण ण सुटला नाही. ज्यांना ण आणि न यांतला फरक कळत नाही त्यांच्या हातून लोक निर्धास्त औषधं घेतात. चालू द्या.

५ तारीख, बुधवार.
ताप आहेच. मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कान पाहिले, घसा पाहिला. विषाणूचा ताप वाटतो, वाट पाहा म्हणाल्या. पोर मलूल पडली, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा झटका आला, तर मात्र वाट पाहू नका, लगेच आणा. मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. बाईंनी विचारलं, औषध इतकं नीट मोजून कोण देतं? ही म्हणाली, आमचे भाऊजी. बाई म्हणाल्या, नशीबवान आहात. मग माझ्याकडे पाहून विचारलं, हे तेच का? मी बाटली आणि टोपी धरून उभा होतो. ही म्हणाली, नाही, हे वडील.

६ तारीख, गुरुवार.
ताप गेला! पोटावर, पाठीवर लाल पुरळ. आता विषय रंगाचा, म्हणजे माझा. लोक भिंतीचा पोपडा आणतात, मी नजरेने तोच रंग करून देतो. साडूंनी देऊन दाखवावा.

शेड कार्ड चिमणीच्या पोटावर धरलं. दवाखान्याच्या भिंतीवर गोवराचं चित्र आहे, ती शेड डोक्यात पक्की होती. तंतोतंत जुळली. निदान : गोवर. सगळ्या जिन्याला कळवलं. वरच्या आजींनी नातवाला आत ओढून कडी लावली.

साडूंना फोन केला. पहिल्यांदाच मी सांगणार आणि ते ऐकणार. त्यांनी विचारलं, खोकला? नाही. नाक, डोळे वाहतात? नाही. गोवराची लस? झाली. खेळतेय? उड्या मारतेय. पण शेड जुळते, मी म्हटलं. ते म्हणाले, अहो, शेडवरून भिंत ओळखावी, पोर नव्हे.

जिव्हारी लागलं.

संध्याकाळी.
साडू आलेच. काचेचा पेला ठिपक्यांवर दाबला. ठिपके मावळले, पेला काढला, परत आले. म्हणाले, दाबूनही दिसत राहिले असते तर तसंच उठून दवाखान्यात जायचं होतं. चिमणीला गुदगुल्या झाल्या. काका, पुन्हा. काका, पुन्हा. आमच्याही घरात पेले आहेत.

ते म्हणाले, उद्या बाईंना दाखवून घ्या. पण उद्यापर्यंत पुरळ फिकं पडलं तर माझ्या निदानाला पुरावा काय? आमच्या धंद्यात शेड लक्षात ठेवत नाहीत, पट्टा मारून वाळवतात. दुकानात जाऊन ऑइलपेंट मिसळला. स्वतःच्या दंडावर हुबेहूब ठिपके मारले. वाळू दिले. बाईच काय ते ठरवतील.

७ तारीख, शुक्रवार.
चिमणीचं पुरळ जवळजवळ गेलं. माझा दंड सुजला. ठिपक्यांभोवती खरे ठिपके. आग, खाज. रंग त्वचेला लागू देऊ नये, असं डब्यावर छापलेलं आहे. शुद्धलेखन निर्दोष.

बाईंनी चिमणीला पाहिलं. गोवर नाही. ताप उतरल्यावर असं पुरळ येतं, लहान मुलांत नेहमीचं आहे, आपलं आपण जातं. मग ही म्हणाली, आता यांना पाहा. मी बाही वर केली आणि सांगितलं, हा नमुना आहे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, मी फक्त मुलं तपासते. मग खुर्ची दाखवून म्हणाल्या, बसा.

मलम साडू घेऊन आले. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. तेलाने रंग सोडवला, दंड साबणाने धुतला, आणि मलमाची ट्यूब चिमणीच्या हातात दिली. ती आपण होऊन माझ्या मांडीवर चढली. बोटाने मलम लावलं, फुंकर घातली. आठवडाभरात पहिल्यांदा. मी साडूंकडे असं पाहिलं की त्यांना कळावं.

चिमणीने विचारलं, बाबा बरा होईल? मी म्हटलं, होईल गं. तिने ऐकलं नाही. काकांकडे वळून पुन्हा विचारलं. काका म्हणाले, होईल. मग ती मांडीवरून उतरून खेळायला गेली.